रुस्ताकच्या खुंटीवर

मस्कतला जायच्या आदल्या दिवशी मी दोन ठिकाणी गेलो. आधी सिमेटरीत, बायकोच्या कबरीवर फुलं ठेवायला. मग हत्यारांच्या दुकानात, माझं रिव्हॉल्व्हर जमा करायला.

रिव्हॉल्व्हर म्हटलं की लोक माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात. मी साधा वाडीवाला, केळी आणि पानवेल लावणारा वसईचा माणूस. अठरा वर्षांपूर्वी आमच्याकडे जमिनी लाटणाऱ्यांचा सुळसुळाट होता. मी वाडी विकेना, म्हणून तिघं जण विहिरीपाशी आले आणि माझा डावा हात मोडून गेले. त्यानंतर मी परवाना काढला. तेव्हापासून शर्ट पँटच्या बाहेर, आणि शर्टाखाली, उजव्या कमरेला, कातडी कव्हरात ते.

माझ्या परवान्यावर क्षेत्र लिहिलंय ‘महाराष्ट्र राज्य’. म्हणजे राज्याची हद्द ओलांडली की परवाना रद्दीच्या भावाचा. गोव्याला चर्चच्या फेस्ताला जायचं असो की वापीला साडूकडे, आधी दुकानात जायचं, हत्यार आणि काडतुसं जमा करायची, पावती घ्यायची. या कटकटीपायी साडूकडे मी अठरा वर्षांत दोनदाच गेलो. तो म्हणतो, ‘बस्त्याव, तुझी बायको पाहुणी यायची आणि तू राखणदार घरी.’ खोटं नाही.

दुकानदारानं पावती फाडून दिली. म्हणाला, “परदेशात जाताय, एन्जॉय करा. टेन्शन नाही आता.”

त्याला काय सांगू? मी टेन्शन सोडवायलाच चाललो होतो. माझी लेक रीना मस्कतला हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. तिची मुलगी एव्हा सात वर्षांची, माझी एकुलती नात. चार वर्षांत ती वसईला आलेली नाही, आणि त्याला कारण मी.

बायको गेल्यावर महिन्याच्या मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) रीना तिला घेऊन आली होती. दुपारी जेवून मी आडवा झालो, ते उशीखाली ठेवलं. डोळा लागला. जाग आली ती रीनाच्या किंकाळीनं. एव्हा, तीन वर्षांची, स्वयंपाकघराच्या दारात उभी. दोन्ही हातांत ते धरलेलं. “मम्मा, बघ किती जड!” भरलेलं होतं. देवानं वाचवलं, दुसरं काय म्हणू? रीना दुसऱ्याच दिवशी गेली.

यंदा तिनं स्वतः तिकीट पाठवलं. फोनवर म्हणाली, “पप्पा, तू ये. एव्हाला भेट. पण मे महिन्यात ती वसईला यायला हवी असेल तर ते घरात नको. कपाटात नको, लॉकरमध्ये नको. घरातच नको.” मी मनात म्हटलं, समोरासमोर बसलो की मानेल लॉकरला. पोर माझीच आहे.

मस्कतच्या विमानतळावर जावई नेल्सन न्यायला आला. त्यांचं घर अल अमेरातला. डोंगर चढून रस्ता पलीकडे उतरतो. डोंगर उघडे, तपकिरी, एक झाड नाही. वाडीवाल्याला ते बघवत नाही. घाट उतरताना माझा हात दोनदा कमरेशी गेला. नेल्सननं पाहिलं.

आता एक कबुली देतो, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. रिव्हॉल्व्हर वसईला राहिलं, पण रिकामं कव्हर मी मोठ्या बॅगेत बनियनमध्ये गुंडाळून आणलं होतं. पहिल्याच सकाळी आंघोळ झाल्यावर कमरेला चढवलं. त्याशिवाय मला उघड्यावर आल्यासारखं वाटतं, एवढंच. मी स्वतःला समजावलं, कायदा मोडला नाही, शब्दही मोडला नाही. नुसतं कातडं तर आहे.

एव्हा पहिले दोन दिवस लांबूनच हसायची. तिचं मराठी अडखळत यायचं. “आजोबा, तुमचा फार्म किती... किती मोठी आहे?” मी आणलेली सुकेळी (वसईची वाळवलेली केळी) तिनं हुंगली, चाटली आणि मग चार एका दमात खाल्ली. तिसऱ्या दिवशी ती माझ्या मांडीवर बसली. डाव्या. उजवीकडे मी तिला येऊच दिलं नाही.

गुरुवारी नेल्सननं मला अल मवालेहच्या भाजीबाजारात नेलं. केळ्यांपाशी मी थांबलो आणि सवयीनं नाक मुरडलं. गाळ्याच्या आतून आवाज आला, “काय ओ, पसंत नाय वाटतं?” सलीमभाई, मूळचे रत्नागिरीकडचे, तीस वर्षं इथेच. पाच मिनिटांत आम्ही केळ्यांवर भांडलो आणि चहाही प्यालो. मी हळूच विचारलं, “इथे हत्यार बाळगायचं तर काय नियम?”

सलीमभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “आपल्यासारख्याला? नावच काढू नका. परक्या मुलखात पाहुण्यानं पाहुण्यासारखं ऱ्हावं. हतल्या लोकांचा खंजर बगा, पोटावर मधोमध बांधतात, सगळ्या जगाला दिसंल असा. लग्नाला, ईदला. तो शानीचा. लपवून ठेवायची गोष्टच येगळी.” मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, “तुमी का इचारताय?”

“सहज,” मी म्हटलं. शर्ट जरा खाली ओढला.

शुक्रवारी आम्ही चौघं रुस्ताकला निघालो. नेल्सनच्या वर्कशॉपचा अर्बाब (मालक) तिथला. त्याचे वडील चाचा हमूद यांनी ‘बच्ची के नाना को लाओ’ असा निरोप धाडला होता. दोन तासांचा रस्ता. डोंगरांच्या पायथ्याशी खजुराची गर्द वाडी दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. दगडी पाटातून पाणी खळखळत चाललेलं. त्याला तिथे फलज म्हणतात. मी गाडी थांबवायला लावली, पाण्यात हात घातला. एव्हानंही घातला. “तुमच्या फार्ममध्ये असं आहे?” “आहे की. मे महिन्यात ये, दाखवतो.” रीना गाडीतून ऐकत होती. तिनं मान वळवली.

चाचांचं घर किल्ल्यापासून जवळच. परदेशी पाहुणे म्हणून आम्हा सगळ्यांना बैठकीच्या खोलीत एकत्र बसवलं. गालिचा, लोड, आणि भिंतीत ओळीनं लाकडी खुंट्या. चाचा कुणाच्या तरी निकाहवरून तेवढ्यात आले होते. पांढरा दिशदाशा (पायघोळ अंगरखा), पोटावर चांदीचा खंजर. आल्या आल्या त्यांनी पट्टा सोडला आणि खंजर खुंटीला टांगला. तरुणपणी खजूर घेऊन मुंबईला यायचे, त्यामुळे हिंदी बोलत. म्हणाले, “मेरे बाप के टाइम में मेहमान बंदूक लेकर आता था. पहले यहाँ टाँगता था, फिर खाना. घर में बच्चे हैं ना.”

मी मान डोलावली. कान गरम झाले.

काहवा आला. वेलचीची कडवट कॉफी, चिमुकल्या पेल्यात. पेला हलवला नाही तर ते ओततच राहतात, हे मला ठाऊक नव्हतं. सहा पेले झाल्यावर नेल्सननं माझं मनगट धरून हलवलं. सगळे हसले. एव्हा तर गडबडा लोळली, आणि हसत हसतच धावत येऊन तिनं मला दोन्ही हातांनी कमरेला मिठी मारली. चार दिवसांत पहिल्यांदा.

तिचा हात थांबला. तिनं दाबून पाहिलं.

“आजोबा, हे... हे ते आहे? मम्मा सांगते ते?”

रीना उठून उभी राहिली. चेहरा पांढराफटक. तिनं एव्हाला दंडाला धरून मागे ओढलं. “पप्पा. शर्ट वर कर.”

“रीना, अगं रिकामं आहे...”

“वर कर म्हणते ना!”

परक्या घरात, परक्या देशात, पासष्टीच्या माणसानं नातीसमोर शर्ट वर केला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला. काळं कव्हर, घामानं पांढुरकं पडलेलं, तोंड उघडं. आत काही नाही.

चाचांनी पाहिलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. हात पुढे केला. मी कव्हर सोडून त्यांच्या हातात दिलं, आणि त्यांनी ते खंजराशेजारच्या खुंटीला टांगलं. भरलेलं हत्यार टांगावं तितक्याच अदबीनं.

मग बसले आणि विचारलं, “किस से डर है? कौन है वो आदमी?”

मी तोंड उघडलं. अठरा वर्षं विहिरीपाशी आलेल्या त्या तिघांची नावं मी रोज मनात घोकली होती. पहिला साखरेच्या आजारानं गेला, दोन्ही पाय कापले होते. त्याच्या मयताला मी गेलो होतो. दुसरा मुंबईला ट्रकखाली आला. तिसरा अजून आहे. त्याला नीट दिसत नाही. रविवारी मिस्साला त्याची सून त्याला धरून आणते. गेल्या नाताळात त्यानं माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, “कोण, बस्त्याव का? वाडी बरी आहे?”

हे सगळं मी मोडक्या हिंदीत सांगितलं. सांगता सांगता मलाच ऐकू आलं, मी काय सांगतोय ते. जिला हत्याराचं नाव नको, ती माझी पोर तिथे उभी होती, आणि ज्यांच्यासाठी ते बांधलं त्यातला एक आंधळा उरला होता. सगळ्यांसमोर रडलो.

“फिर?” चाचांनी एवढंच विचारलं.

जेवण आलं. भात आणि मटण, एकाच मोठ्या ताटात. मी खालमानेनं जेवलो. एव्हा आईच्या पलीकडे बसून माझ्याकडे चोरून बघत होती. निघताना चाचांनी कव्हर काढून माझ्या हातात ठेवलं. मी म्हटलं, नको, राहू द्या. त्यांनी मान हलवली. “मेहमान की चीज़ मेहमान को वापस. फेंकना है तो अपने घर फेंको.”

परतीच्या वाटेला लागलो. एव्हा झोपली. घाटाच्या अलीकडे रीना म्हणाली, “रिकामं होतं म्हणून मला बरं वाटेल, असं वाटलं तुला? पप्पा, तू ते इथेही आणलंस. माझ्या घरात.”

“चुकलो,” मी म्हटलं. बापानं लेकीला हा शब्द म्हणायची वेळ आमच्या घरात पूर्वी कधी आली नव्हती.

रात्री मी कव्हर तिच्यापुढे ओट्यावर ठेवलं. तिनं ते चिमटीत उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वर केळ्याच्या साली. “हे ठीक,” ती म्हणाली. “आता ते कायमचं दिल्याचा कागद दाखव. मेचं तिकीट त्यानंतर.” तिचा हट्ट माझ्यावरच गेलाय. लॉकरचं नाव मी काढलं नाही.

बाकीचे दिवस एव्हा माझ्या डाव्या मांडीवरच बसायची. मी कितीदा म्हटलं, इकडेही बस. नाही बसली. निघताना विमानतळावर तिनं हात हलवला, लांबूनच. दोष तिचा नव्हता.

वसईला उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पावती घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं माझं रिव्हॉल्व्हर काउंटरवर काढून ठेवलं. पुसून चकचकीत केलं होतं बिचाऱ्यानं. मी हात लावला नाही. म्हटलं, विकायचं आहे, परवाना परत करायचा आहे, काय कागद लागतील ते सांगा. त्यानं कागदांची यादी लिहून दिली.

पोलीस कार्यालयात अर्ज भरायला दिला. परदेशात, परराज्यात, हद्दीबाहेर जाताना आजवर कितीतरी कागद भरले, पण त्या सगळ्यांत परत येण्याची तारीख असायची. यात नव्हती. एक रकाना होता, ‘परवाना परत करण्याचे कारण’. कारकून बाई म्हणाल्या, “काका, ‘वयोमानामुळे’ लिहा. सगळे तेच लिहितात.”

मी चष्मा लावला आणि लिहिलं, ‘नात माझ्या उजव्या बाजूला बसत नाही.’

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग शिक्का मारला.