दोघांचा मिळून एकच वकील

"सही की अंगठा?" वकिलानं आईला इचारलं, मान वर न करता. आईनं तोंड उघडायच्या आतच वडिलांकडं वळून म्हणला, "म्हशीमागं फिरणाऱ्या बाईला काय, दोन्ही सारखंच."

वडील हासले. माझे सख्खे वडील.

धाराशिवला कोर्टाच्या आवारात वकिलाच्या टेबलापाशी बसलो होतो आमी. आईवडिलांची फारकत. दोघांच्या मर्जीनं. वडील साखर कारखान्यात क्लार्क, रिटायर व्हायला आलेले. वकील त्यांनीच बघितलेला, दोघांचा मिळून एकच. आमच्या तेर गावातले समदे शहाणे म्हणले, "भांडण न्हाय तंटा न्हाय, दोन वकील कशाला पोसायचे?" आईला पटलं. मला न्हाय. एकच गडी दोन्ही टीमकडनं खेळणार, मग हरणार कोण?

आईचं एकच मागणं होतं. "पीएफमधनं माझा हिस्सा द्या." वडिलांच्या पगारातनं पीएफ कापला जायचा, तवा घरातली मीठमिरची आईनं घातलेल्या दुधाच्या रतिबावर यायची.

वकील म्हणला, "अगं अक्का, पीएफला वारस म्हणून तुझंच नाव हाय. कशाला काळजी करतीस?"

वडिलांना साहेब, आईला अगं-तुगं. वर आवाज एकदम गुळावाणी. तिथंच मला शंका आली. वारसाचं नाव माणूस मेल्यावर कामाला येतं, हे मी कॉलेजच्या मॅडमला इचारून आले होते. आन् फारकत झाल्यावर आई बायकोच न्हाय, तर त्या नावाला कोण इचारतंय?

मी वकिलाला म्हणले, "साहेब, कागद वाचून दाखवा की."

"तुझे वडील सांगत होते, तू ती गॅदरिंगमधी नकला करणारी ना? कर की माझी. तवर आई सही करंल."

मला नक्कल कर म्हणलं की राहवत न्हाय. उठले. पोट पुढं काढलं, नसलेल्या कोटाची कॉलर झटकली, गालात नसलेलं पान धरलं. "अगं अक्काऽ, कशाला काळजी करतीस?" टायपिस्ट हासला. चहावाला हासला. आई बी तोंडाला पदर लावून हासली. आन् हासता हासताच तिनं पेन घेतलं.

वकिलाचा कारकून कागद दाबून उभा होता. अख्खा पंजा मजकुरावर. खाली सहीपुरती जागा तेवढी उघडी.

मला नाचवून आईला लुटायला बसले होते.

"हात काढा."

"उडंल की कागद."

वारा कुठं होता? लिंबाचं पान हालत नव्हतं.

मी कागद ओढला. वाचला. त्याच वकिलाच्या आवाजात, पार चहाच्या टपरीपतूर जाईल असा. "पत्नी ही पतीच्या भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी व इतर सर्व रकमांवरील आपला हक्क कायमचा सोडून देत आहे. सदर मजकूर तिला वाचून दाखवला असून तो तिला मान्य आहे."

आता कुणीच हासलं न्हाय.

आई म्हणली, "कवा दाखवला वाचून?"

"अगं, ते समद्यांच्याच कागदात असतं," वकील म्हणला.

समद्यांच्या! म्हंजी आईच्या आधी इथं किती जणी पेन धरून बसल्या असतील?

वडील तडकले. "पोरीला शिकवलं हेच चुकलं. पगार माझा हाय, पैसा माझा हाय!"

आईनं पेन टेबलावर ठेवलं. "पगार तुमचा. त्यो पुरा घरात येत नव्हता, तवा चूल कुणी पेटवली?"

वडिलांनी रस्त्याकडं बघितलं.

फारकत आमाला बी पायजे. पण आईचा वकील आता आईचाच असंल. गरीब बाईला कोर्टाकडनं फुकट मिळतो म्हणत्यात. बघू. त्याला बी ओळ न् ओळ इचारणार. त्यो बी गोड बोलला तर दोनदा इचारणार. आन् मर्जीच्या फारकतीत जज्ज इचारत्यात तसं आईला इचारलं, दबाव हाय का, तर ती सांगणार, हाय. हिश्श्याचं तिच्या डोळ्यादेखत लिहिल्याबिगर तिची सही मिळणार न्हाय. तारखा लागू द्या किती लागायच्या त्या.