दोन ते तीन

फोन चालू केला तेव्हा तीन वाजून गेले होते. शहापूरच्या माझ्या दुकानामागच्या खोलीत मी चटईवर उठून बसलो, मोठी जांभई दिली, आणि भाचीच्या, निशाच्या मिस्ड कॉलचे मेसेज एकामागून एक पडायला लागले. मी लावणार तोच तिचा परत आला. "मामा... आई गेली रे." एवढंच बोलली. दीड महिना झाला त्याला, पण त्या जांभईची मला अजून लाज वाटते.

आक्का माझी थोरली बहीण. आमचं घर मुरबाडकडच्या एका खेड्यातलं. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच मला वाढवलं. सासर शेणव्याजवळ. दाजी वाशिंदच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, त्यामुळे भातशेती, दोन म्हशी, घर सगळं हिच्या अंगावर. तरी तिला धावपळ करताना मी कधी पाहिलं नाही. माझं अगदी उलट. मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. कुणाची मोटार जळली की त्याचा जीव टांगणीला आणि फोन माझ्या कानाला. जेवताना फोन, गाडी चालवताना फोन... दोन वर्षांपूर्वी दुकानातच चक्कर येऊन पडलो. बीपी निघालं. डॉक्टर म्हणाले, आराम करा. आता आराम कसा करतात, हे काही गोळ्यांच्या चिठ्ठीवर लिहून देत नाहीत. ते आक्काला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात तिच्याकडे गेलो. ओटीवर टेकतो न टेकतो तोच फोन. ती आत गेली आणि मोड आलेल्या वालांचं पातेलं, कोमट पाण्यासकट, माझ्या पुढ्यात आणून ठेवलं.

"सोल."

"मी? अगं, मला कुठं येतंय..."

"गप रे. हात बुडव."

बिरडं सोललंय का कधी तुम्ही? दाणा दोन बोटांत धरायचा, हलकेच दाबायचा, की साल सुटून येतं. घाई केली की दाणा फुटलाच. माझे पहिले वीसेक दाणे फुटले, आणि ती तोंडाला पदर लावून हसत बसली. तेवढ्यात परत फोन वाजला. हात ओले, बुळबुळीत. उचलणार कसा? "वाजंल नि गप बसंल," आक्का म्हणाली. "जळली ना मोटार? मग ती काय अजून जळनार हाय?" मला असलं हसू फुटलं म्हणता! पातेलं संपेस्तोवर माझे खांदे कानापासून खाली आले होते, आणि फोनही गप झाला होता.

तिच्याकडे असल्या साध्यासाध्या गोष्टी होत्या. भाताच्या आवणीच्या दिवसांत, रोपं लावून शेतातून आली की मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसायची, चुलीवर भात असला तरी. दुपारी शेजारणीच्या डोक्याला तेल चोळायची आणि तिच्याकडून चोळून घ्यायची. म्हशीची धार काढताना कुणाशी बोलायची नाही. "एवढाच टाइम माजा," म्हणायची. आणि मला मात्र त्या दिवशी शपथच घालून मोकळी झाली. रोज दुपारी दोन ते तीन फोन बंद करायचा नि आडवं पडायचं.

"गिऱ्हाईक जाईल ना, आक्का."

"जाऊ दे. तू गेलास तर माजं माहेर संपंल रे दिन्या." आणि रडायलाच लागली. काय करणार? घेतली शपथ. तिनं तर दाजींना, शेजाऱ्यांना, शेणव्यातल्या माझ्या गिऱ्हाइकांनाही गाठून बजावलं, दोन ते तीन दिन्याला फोन करायचा नाय. लोकांनी ऐकलं तिचं. बीपीही उतरलं.

त्या दुपारचं निशानं मला तेराव्यानंतर सांगितलं. सव्वादोनच्या सुमाराला आक्काच्या छातीत दुखायला लागलं. गॅस झाला असंल म्हणून ओवा चावला, पाणी प्यायली. निशा म्हणाली, मामाला लावते, गाडी घेऊन येईल. तर हिनं पोरीचा हात धरला. "आता नको. निजला असंल तो. तीन वाजू दे." थोड्या वेळानं घामानं भिजली, तेव्हा निशानं ऐकलं नाही, लावत सुटली. माझा फोन बंद. दाजी पाळीवर, शेजारपाजारची माणसं कामावर. गाडी मिळून निघेपर्यंत उशीर झाला, आणि वाटेतच...

डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. मला ते पटवून घ्यायचंय. पटत नाही. माझ्या गाडीनं वीस मिनिटांचा रस्ता आहे तो. आणि खोटं कशाला बोलू, तिचा रागही येतो. अगं, माझी झोप काय सोन्याची होती? एवढं काय लागून गेलं होतं तिच्यात? एकदा उठवायचं होतंस मला. उरलेला जन्म जागा राहिलो असतो.

हल्ली दोनला पाच मिनिटं असली की निशाचा फोन येतो. आवाज तिचा, बोलणं मात्र आक्काचं. "मामा, जेवलास ना? आता आडवा पड. फोन बंद कर." मी "हो गो" म्हणतो. चटई टाकतो, पडतो. फोन बंद करत नाही. आवाज मोठा करून उशाशी ठेवतो आणि आढ्याकडे बघत राहतो. पण सगळ्यांना आक्कानं बजावून ठेवलंय ना... त्या तासात कुणाचाच फोन येत नाही.