वाइमारीने बसवलेला जोड

वाइमारी पोहातू एकोणीस वर्षांची असताना रेल्वेच्या कारखान्यात टर्नर म्हणून लागली, तेव्हा तिच्या लेथवर कोणीतरी खडूने 'स्वयंपाकघर तिकडे' असं लिहून बाण काढला होता. तिने तो पुसला नाही. तीन वर्षं तो बाण तिथेच राहिला आणि तिसऱ्या वर्षी डिझेल इंजिनाच्या अवघड कामाला फोरमनने सगळ्यांदेखत तिलाच बोलावलं. पुढे कारखाना बंद झाला. लिलावात तिने एक जुना लेथ उचलला, ट्रकवर घालून राएटिही या आपल्या गावी आणला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बंदुका दुरुस्त करायचा परवाना काढून बसली. आता ती त्रेसष्ट वर्षांची होती. डोळ्याला चष्मा, कंबरेला पट्टा, पण हात अजून स्थिर होते.

मार्चमधल्या एका सकाळी तिच्या बहिणीचा मुलगा टिआकी शेडच्या दारात येऊन उभा राहिला. चाळिशीचा, दांडगा गडी. डोंगरातल्या रानबकऱ्या मारण्याचं काम करायचा. बकऱ्यांनी जंगलाची कोवळी झाडं खाऊन फस्त केली होती, म्हणून सरकारच त्यांची शिकार करवून घेत असे. त्याच्या हातात रायफल होती आणि रायफलीच्या तोंडाशी काहीच नव्हतं.

"सायलेन्सर कुठाय रे तुझा?" वाइमारीने विचारलं.

"दरीत."

"म्हणजे?"

"अगं मावशी, अकरावी गोळी झाडली आणि तो गोळीबरोबरच गेला. बकरी राहिली उभी, सायलेन्सर गेला उडत. बकरी माझ्याकडे बघत होती, शप्पथ."

वाइमारी हसली नाही. तिने आधी रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, काढला, नळीच्या मागून बोट घालून ती रिकामी आहे याची खात्री केली आणि मग तोंडाकडे भिंग धरलं. सायलेन्सर नळीवर थेट बसत नाही. नळीच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात, त्यांवर आधी एक पोलादी जोड पिळून बसवतात आणि सायलेन्सर त्या जोडाला अडकतो. तो जोडच सैल होऊन निघाला होता.

"मंडळी किती आहेत तुमच्यात?"

"सहा जण. सहाही जणांचे जोड ढिले होतात. आमचा ठेकेदार डेस वैतागलाय. शहरातल्या दुकानदाराने बसवले, तो म्हणतो आम्हीच धसमुसळे."

"आणि तुझा कान?"

टिआकीने डाव्या कानावर हात ठेवला. "वाजतोय. परवा विनासायलेन्सर वीस गोळ्या झाडल्या ना."

"ठेव ती रायफल इथे."

तिने नळी लेथवर धरली आणि बारीक फरक मोजणारा डायल लावला. नळीच्या टोकाला आटे जिथे संपतात तिथे जी कड असते, जिच्यावर जोड टेकतो, ती एका बाजूला किंचित उतरती होती. केसाइतकीच, पण उतरती. दुकानदाराने ते झाकायला एक चेपणारं वॉशर मध्ये घातलं होतं. जोड टेकला होता तो वॉशरवर, नळीवर नाही. तिने कड सरळ करून घेतली, वॉशर फेकून दिलं, आणि कारखान्यात ती तीस वर्षं वापरायची तोच आटे चिकटवायचा डिंक लावून नवा जोड घट्ट पिळला. दुसऱ्या दिवशी टिआकी रायफल घेऊन गेला.

शनिवारी तो परत आला. सायलेन्सर या वेळी हातात होता.

"चाळीस गोळ्या टिकला," तो म्हणाला. "मग हलायला लागला. मी काढूनच घेतला."

त्याच्या मागून डेस क्रॉसन आला. शिकाऱ्यांच्या या टोळीचा ठेकेदार तोच. लांब, वाळका, बोलणं तिखट.

"वाइमारी, तुझ्या हाताला कुणी नावं ठेवत नाही," तो म्हणाला, "पण पुढच्या महिन्यात नऊ दिवस डोंगरात जायचंय. आपण नवीन रायफली मागवू. हा नाद सोड."

"नवीन रायफलींना काय वेगळे आटे असतात?"

"असतील बुवा."

"नसतात. बस जरा. चहा घे आणि गप्प बस."

ती स्वतःवरच चिडली होती. जोड काढून तिने आटे बघितले. डिंक मऊ होऊन पिवळट झाला होता, साबणासारखा. चाळीस गोळ्या भरभर झाडल्या की नळीचं तोंड तव्यासारखं तापतं आणि सायलेन्सरमुळे ती आग तिथेच कोंडते. तिचा डिंक पाण्याच्या पंपाला चालला असता. इथे चालणार नव्हता.

"मी गाढव आहे," ती मोठ्याने म्हणाली. "इंजिनाच्या धुराड्याचे बोल्ट आम्ही याने कधीतरी बसवले होते का?"

"मला काय विचारतेस?" डेस म्हणाला.

"तुला नाही रे, मला विचारतेय."

धुराड्यासाठी वेगळी चीज असायची. ओलेपणी पाण्यासारखी पातळ, वाळली की चिनीमातीसारखी कडक होणारी. तिने तीच मागवली. बाटली चार दिवसांनी पोस्टाने आली.

या वेळी तिने घाई केली नाही. सहाही नळ्या लेथवर घेऊन कडा सरळ केल्या. चार वाकड्या निघाल्या. मग आटे ॲसिटोनने धुतले, वाळवले, पुन्हा धुतले, आणि पांढऱ्या फडक्यावर काळा डाग उमटायचा थांबेपर्यंत धूत राहिली. तेलाचा एक थेंबही राहिला तर चिकटणारं काही चिकटत नाही, हे तिला कारखान्याने शिकवलं होतं आणि मागच्या वेळी ती एकदाच पुसून मोकळी झाली होती. नळी लाकडी ठोकळ्यांत आवळली, कारण रायफलीचं धड धरून पिळलं तर धडच पिरगळतं. बाटलीतल्या त्या द्रवाचे दोन थेंब लावले. जोड हाताने कडेला टेकेपर्यंत फिरवला, मग ठरलेला जोर भरला की वाजणाऱ्या टॉर्क पान्याने टकटक आवाज येईपर्यंत आवळला. शेवटी नळीतून एक सरळ पोलादी सळई घालून पुढच्या तोंडातून बघितली. सळई सायलेन्सरच्या भोकाच्या अगदी मधोमध बाहेर आली, चारी बाजूंनी सारखी फट ठेवून. पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ तिने नळीवरून जोडावर ओढली, म्हणजे जोड हलला तर रेघ तुटलेली दिसेल. आणि सगळं दोन दिवस तसंच ठेवून दिलं.

"आज नाही का देत?" टिआकी दारातून ओरडला.

"बुधवारी. माझ्या शेडमध्ये बुधवार बुधवारीच येतो."

बुधवारी डेसच्या कुरणात साठ गोळ्या झाडल्या, एकामागोमाग एक. नळीवरून वाफ निघत होती. वाइमारी खाली वाकली आणि भिंगातून रेघ बघत राहिली. मग तिने भिंग डेसच्या हातात दिलं.

डेसने बराच वेळ बघितलं. "अख्खी आहे," तो म्हणाला. मग त्याने दोन्ही हातांनी जोडावर पाना लावून जोर लावला, चेहरा लाल होईपर्यंत. "अगं, हा तर नळीलाच उगवलाय!"

"पुरे, नाहीतर तूच निघशील," टिआकी म्हणाला.

एप्रिलमध्ये सहा शिकारी नऊ दिवस डोंगरात राहिले. पावसाने त्यांना दोन दिवस तंबूतच कोंडलं. बाकीच्या सात दिवसांत चारशेहून जास्त बकऱ्या मारून झाल्या आणि सहातला एकही जोड हलला नाही. आवाज दबलेला असल्याने कळपातल्या मागच्या बकऱ्या गोळी कुठून आली हे बघत उभ्या राहत. टिआकी म्हणाला की असं सोपं काम त्याने बारा वर्षांत केलं नव्हतं. शेवटच्या दिवशी त्याने मावशीला फोन केला आणि पहिलं वाक्य म्हणाला, "कान वाजत नाहीये."

तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "छान. आता पानावर लिहून पाठव, किती गोळ्या झाल्या, कुठल्या रायफलीतून."

ऑगस्टमध्ये आसपासच्या शिकारी टोळ्यांची सभा गावच्या सभागृहात भरली. डेसने वाइमारीला बोलावलं होतं. चाळीस-पंचेचाळीस माणसं, बहुतेक पुरुष, बूट चिखलाने भरलेले. तिने टेबलावर एक नळी ठोकळ्यांत आवळून ठेवली, शेजारी पाना ठेवला आणि म्हणाली, "ज्याला हा जोड सोडवता येईल त्याने पुढे यावं."

एक आला, दोघं आले, मग रांग लागली. डेसच्या दुप्पट असलेल्या एका माणसाने पान्याला लोखंडी नळकांडं लावून झोंबाझोंबी केली आणि टेबलच हललं. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. शहरातल्या त्या दुकानात जोड बसवणारा मिस्त्रीही शेवटी आला. त्याने पाना हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि पाना परत ठेवला.

"कड सरळ केलीत," तो म्हणाला.

"सहापैकी चार वाकड्या होत्या."

"दोष माझा होता."

"मला ठाऊक आहे. पण तू बघायला आलास." तिने जोडावर बोट ठेवलं. "सोडवायचा असेल तर एक रात्र पाण्यात बुडवून ठेव, मग सुटतो. शिकायचंय का?"

मिस्त्रीने होकारार्थी मान हलवली. वाइमारीने खिशातून एक पेन्सिल काढली, टेबलावरच्या कागदावर कडेचं चित्र काढायला लागली, आणि सगळे शिकारी खुर्च्या ओढत टेबलाभोवती जमले.