धाकटी राणी दूध प्याली का?

राहीबाईंचा मुक्काम उंब्रजात, पण जीव कायम कुठल्या ना कुठल्या राजवाड्यात अडकलेला. एक राजा, त्याच्या दोन राण्या, चोरून बघणारा देखणा सेनापती आणि पडद्याआडून ऐकणारी दासी, एवढं असलं की बाईंना दुसरं काही लागत नसे. मग दूध उतू जावो नाहीतर दारात पाहुणा येवो. सांगलीला विश्रामबागेत राहणारी लेक रेश्मा वाचनालयातून असली पुस्तकं काढायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती आईला पाठवायची. बाईंचे यजमान आकाराम, फौजेतून सुभेदार होऊन घरी बसलेले, नाक मुरडायचे.

"राजाराणीची लफडी वाचून काय मिळतंय गं तुला?"

"तुमास्नी न्हाई कळायचं," बाई पान उलटत म्हणायच्या.

खरं सांगायचं तर उभा जन्म ऊस आणि सासरची माणसं सांभाळण्यात गेलेल्या या बाईची स्वतःची अशी एवढी एकच चैन होती. ती कोरेगावच्या चहापायी गेली.

झालं असं, की पुतण्या धैर्यशीलची सुपारी फोडायला सगळे कोरेगावला मुलीच्या घरी गेले. मुलीच्या आत्याबाईंनी, साळूबाईंनी, चहाचा ट्रे आणला. सगळे कप पांढरे, एकच लाल फुलांचा. तो त्यांनी स्वतःसाठी हळूच बाजूला ठेवला आणि राहीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. हातातल्या कादंबरीच्या पहिल्याच भागात थोरल्या राणीनं आपला पेला असाच वेगळा ठेवून भर पंगतीत विष घालून दिवाणाचा काटा काढला होता. साळूबाई पोह्यांच्या बशा घ्यायला वळल्या, तेवढ्यात बाईंनी आपला आणि त्यांचा कप अलगद बदलला.

साळूबाईंना मधुमेह. लाल फुलांचा कप म्हणजे त्यांचा बिनसाखरेचा चहा. बोलण्याच्या नादात त्यांनी न बघताच कप तोंडाला लावला आणि पहिल्या घोटालाच ओरडल्या, "आगं बया, ह्यात साखर कुणी घातली?" इकडे राहीबाई फिक्या चहानं तोंड वाकडं करून बसलेल्या. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या हातातल्या लाल फुलांवर आल्या.

"न्हाई, म्हटलं... येगळा कप कशापायी," बाई पुटपुटल्या.

मुलीचे चुलते लालासाहेब मांडीवर थाप मारून हसले. "वैनीस्नी वाटलं, आमी इख घातलंय!"

साळूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. सुपारी फुटली, लग्न ठरलं. हसले नाहीत ते एकटे सुभेदार.

घरी येताच हुकूम सुटला. "आजपासनं पुस्तकं बंद! पावण्यांत तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस." आलेले दोन्ही भाग त्यांच्या काळ्या फौजी ट्रंकेत गेले, वर कुलूप पडलं आणि किल्ली बंडीच्या खिशात गेली.

बाईंना वाईट वाटलं, लय वाईट वाटलं. दुसरा भाग संपला होता तोही नेमका कुठल्या जागी? थोरलीनं केशरी दुधाचा पेला पुढं केला, धाकटीनं हात लांबवला, आणि शेवटचं पान संपलं. आता त्या पोरीचं काय झालं ते कधी कळायचं नाही, म्हणून भाकरी थापता थापता बाईंचे डोळे भरून यायचे. तिसरा भाग रेश्मानं गुपचूप पाठवला होता, तो मिरच्यांच्या डब्यात तळाशी होता. पण बाईंनी तो उघडला नाही. चोरून वाचायला आपण काय दासी आहोत? वाचीन तर ओसरीवर बसून, सगळ्यांदेखत, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

अशात बाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. शेताची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. तरी सुभेदार भर दुपारी "उसाला पाणी पाजून येतो" म्हणून निघायचे. लाईटच नाही तर मोटार चालायची कशी? शिवाय जाताना बंडी पोटावर चांगली फुगलेली दिसायची. एक दिवस बाई मागोमाग गेल्या आणि मोटारीच्या खोलीच्या फटीतून आत पाहिलं. खताच्या रिकाम्या पोत्यावर सुभेदार बसलेले, नाकावर चष्मा, बोट ओळीवर आणि ओठ हलतायत. "आगं, पिऊ नगंस की!" ते पुस्तकाला म्हणाले.

बाईंनी पदर तोंडात कोंबला आणि आल्या पावली माघारी फिरल्या.

त्यानंतर सुभेदारांचं जेवणावरून लक्ष उडालं. आमटीत बोट बुडवून कुठंतरी बघत बसायचे. मग एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "रेश्माचा फोन आलता का? नवीन काय म्हणती?"

"काय म्हणणार? बंद केलंय न्हवं तुमी सगळं," बाईंनी भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांना अचानक सांगलीत पेन्शनचं काम निघालं. संध्याकाळी एसटीतून उतरले ते पडलेल्या चेहऱ्यानं. बाईंनी काही विचारलं नाही, कारण रेश्माचा फोन आधीच आला होता. "आई, बाबा तिसरा भाग मागत आलते गं! तो तुझ्याकडंच हाय म्हटल्यावर निस्तं खाली बघत बसले."

बाईंना हसूही आलं आणि नवऱ्याची दयाही आली. पण राजकारणात घाई करून चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सकाळी उठून बघतात तर काय, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सुभेदार गॅससमोर उभे. त्यांनी चहा गाळला, कप बाईंसमोर ठेवला आणि कपाशेजारी ट्रंकेची किल्ली ठेवली.

बाईंनी कपाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं.

"आदी तुमी एक घोट घ्या."

सुभेदारांनी निमूटपणे घोट घेतला, कप परत केला आणि खालमानेनं विचारलं, "धाकटी... प्याली का गं ते दूध?"

"मला काय ठावं? मी कुटं वाचलंय?" बाई उठल्या. मिरच्यांच्या डब्यातून पुस्तक काढलं, पदरानं पुसलं आणि सुभेदारांच्या मांडीवर ठेवलं. सुभेदारांना लागोपाठ शिंका आल्या. त्या थांबेपर्यंत बाईंनी ओसरीवर पोतं अंथरलं आणि चहाचा कप घेऊन ऐसपैस बसल्या.

"हितं बसा. मोठ्यानं वाचा," त्या म्हणाल्या. "आन थोरलीचा आवाज जरा खवचट काढा."