घोडीला चण्याची डाळ

धाकट्या भावाने लग्नात घोडी हवीच म्हणून हट्ट धरला, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. आम्ही दिल्लीतल्या मयूर विहारमधले मराठी, पण त्याचं सासर पक्कं दिल्लीवालं. त्यांचं बघून आईलाही सगळं हवं झालं. बहिणीने घोडीला भिजवलेली चण्याची डाळ भरवायची, मगच बारात निघायची. बहीण मी. आणि मी जनावरांची डॉक्टर.

ताटली घेऊन पुढे गेले, तर घोडी लंगडत होती. मे महिन्याची संध्याकाळ, अंगावर घाम सुकून पांढरं मीठ धरलेलं, हिरड्या कोरड्याठाक, छाती नुसती धडधडतेय. घोडीवाल्याला विचारलं, पानी कब पिलाया?

"सुबह, मैडम. अब पिएगी तो बारात में मूत देगी, सब हमको गाली देंगे."

आणि पाय?

"दर्द की सुई लगा दी है. बिल्कुल ठीक चलेगी."

सुई कोणी लिहून दिली? कोणीच नाही. मेडिकलवाल्याने चिठ्ठी न बघता दिली, नियम गेले खड्ड्यात! अहो, तहानलेल्या जनावराला ते औषध म्हणजे थेट मूत्रपिंडांवर घाव. तापलेल्या घोड्याला पाणी देऊ नये, हा समजही आम्ही डॉक्टरांनी कधीच मोडीत काढलाय. पण ऐकतंय कोण! "बादली आणा," मी ओरडले. जलजीरा होता, गुलाबपाण्याचे फवारे होते, बादली नव्हती. आईने दंडाला चिमटा काढला. "बाई गं, आज तरी डॉक्टरकी नको." भाऊ घोडीवरून म्हणाला, "ताई, यार, हॉलच्या गेटपर्यंतच तर जायचंय." फोटोग्राफर डाळ, डाळ करत होता.

त्या गेटपर्यंत पोचायला बँडवाल्यांनी तासभर लावला. भाऊ उतरल्यावर मी आचाऱ्यांकडून पातेलंभर पाणी आणलं. घोडीने ते एका दमात संपवलं आणि तिथेच, लाल गालिच्यावर मुतली. पाहुणे खिदळले, काकूंनी शालू वर धरले. मला रंग दिसला, उकळलेल्या चहासारखा.

"अभी के अभी अस्पताल ले जाओ," मी म्हटलं.

"एक बारात और है, मैडम," म्हणत तो तिला घेऊन गेला. मला करवली म्हणून आत ओढत नेलं.

पुढच्या आठवड्यात तो तिला आमच्या दवाखान्यात घेऊन आला. सलाइन लावलं, पण उशीर झाला होता. संध्याकाळी तिने मान टाकली.

आता अल्बम आलाय. आईला एक फोटो फ्रेम करून हवाय. माझ्या तळहातावर डाळ आहे, तिला घोडीने तोंडही लावलेलं नाही. ती माझं घामाने ओलं झालेलं मनगट चाटतेय.

"बघ," आई म्हणते, "कशी लाडात आलीये."