लोखंडी दारामागचं बोलणं

बोलण्याबद्दल पगार घेणारी बाई त्या अख्ख्या गल्लीत एकच होती. कारखान्यात वायरलेसचे रिसीव्हर बनत, आणि नवा रिसीव्हर कुठपर्यंत ऐकतो हे पाहायला कुणीतरी वॉकीटॉकी घेऊन इमारतभर बोलत फिरावं लागे. आधीची माणसं 'एक, दोन, तीन' म्हणत निघायची आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना स्वतःचाच कंटाळा यायचा. मग कुणीतरी पॅकिंगमधल्या ताईंचं नाव सुचवलं. खोक्यांना चिकटपट्टी लावता लावता त्या दिवसभर बोलत, समोर कुणी असो वा नसो. तोंडात टाचण्या धरून बसणाऱ्या शिंप्याशी लग्न झाल्यामुळे उत्तराची वाट न पाहता बोलायची त्यांना सवयच लागली होती.

तेव्हापासून ताई चालत आणि बोलत. गच्ची, जिने, लिफ्ट, गोदाम, रंगाची खोली. वर चाचणीच्या खोलीत इंजिनिअर कानाला हेडफोन लावून आवाज कुठे दबतो, कुठे तुटतो ते पाहत. निदान तसं म्हणत. खरं तर ताईंच्या नणंदेने हट्टाने घेतलेलं कपाट दारातून आत गेलं की नाही, यात त्यांचा जीव अडकलेला असे. कपाट जिन्याच्या वळणावर पोचलं की नेमक्या ताई लिफ्टमध्ये शिरत, आवाज तुटे, आणि वर चांगली शिकलेली माणसं हळहळत.

तळघरात एक जाड लोखंडी दार होतं. त्याच्या पलीकडून आजवर एकाही रिसीव्हरला अक्षर ऐकू आलं नव्हतं. नियमाप्रमाणे तिथेही बोलावं लागे, म्हणून ताई बोलत; पण तिथे त्या मनातलं बोलत. नणंदेबद्दल उघड बोललं तरी चालण्यासारखं होतं. मोठ्या साहेबांबद्दल जे काही असे, ते दारामागे. मन रिकामं झालं की त्या हसऱ्या तोंडाने वर येत.

अलीकडचा रिसीव्हर चष्मिसने बनवला होता. चष्मिस म्हणजे इंजिनिअरांमधली सगळ्यांत धाकटी मुलगी. त्या यंत्रापायी तिने रक्त आटवलं होतं.

"याला चार अँटेना आहेत, ताई," डबा खाताना तिने एकदा सांगितलं. "चार कान समजा. ज्या कानाला नीट ऐकू येतं त्याचं हा जास्त मानतो. ज्यात नुसती खरखर येते त्याला गप्प बसवतो. आवाज बारीक झाला की आपोआप वाढवतो, जवळ येऊन ओरडलात की कमी करतो. सगळं त्या त्या क्षणी."

"म्हणजे आमच्या नणंदबाई. हाक मारली तर ऐकू येत नाही. कुजबुजलं की पलीकडच्या खोलीतून विचारतील, काय म्हणालीस."

"तसाच. फक्त हा मनात धरत नाही."

ताई खूप हसल्या. असा कान दारामागचं आपलं बोलणंही ऐकेल, हे मात्र त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. यंत्रं काय, येत होती आणि जात होती. दार तिथेच होतं.

मग एक दिवस अग्निशमन दलाचे एक अधिकारी यंत्र पाहायला आले. धुराने भरलेल्या तळघरातून आपल्या माणसाची हाक वर ऐकू यावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. पसंत पडलं तर ऑर्डर, नाही तर चष्मिसचं काम बंद, असं साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ताई नेहमीसारख्या बोलत बोलत खाली उतरल्या. त्या गेल्यावर अधिकाऱ्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावले आणि अट घातली: दारामागून जे ऐकू येईल ते मी म्हणून दाखवीन; बोलणाऱ्या बाईंनी वर येऊन ते खरं की खोटं सांगायचं.

ताई वर आल्या तेव्हा खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"'आज साहेबांनी पाहुण्यांसाठी पोट आत घेतलंय,'" अधिकारी संथपणे म्हणाले. "'जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकलं म्हणजे मिळवली.' हे तुम्ही बोललात?"

ताईंनी हातातला वॉकीटॉकी पाठीमागे नेला.

"अजून आहे. 'चार अँटेना करता करता पोरीने डोळे फोडून घेतले, आणि हे येऊन चौथ्यावर छत्री अडकवतात. ती काढून ठेवते, हे परत अडकवतात. तिने सांगावं तरी कुणाला.'"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. चौथ्या अँटेनावर साहेबांची छत्री शांतपणे लटकत होती.

"मध्ये एक शब्द होता," अधिकारी म्हणाले. "तो ऐकू आला, पण मी म्हणत नाही."

नाही म्हटलं तर नोकरी वाचत होती. पण मग यंत्राने भलतंच ऐकलं असं ठरलं असतं आणि पोरीची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. चष्मिस ओठ दाबून यंत्राकडे बघत होती. साहेब ताईंकडे बघत होते, आणि त्यांचं पोट एव्हाना आपसूक बाहेर आलं होतं.

"'बावळटासारखी'," ताई खाली मान घालून म्हणाल्या. "बावळटासारखी छत्री अडकवतात, असं म्हणाले."

"तोच शब्द," अधिकारी म्हणाले.

साहेब छत्रीकडे सरकले. "राहू द्या," अधिकारी म्हणाले. "एक कान बंद असताना याने एवढं ऐकलं. आता दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू. तोही छत्रीसकट."

साहेबांनी ताईंपुढे हात केला. "द्या तो वॉकीटॉकी. मी जातो."

ताईंना हेडफोन लावून खुर्चीवर बसवलं. इतकी वर्षं बोलल्या, पण ऐकायच्या जागेवर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. आधी जिन्यावरची पावलं आली, मग साहेबांची धाप, मग दार लागल्याचा धप्प आवाज. आता हा माणूस आपल्याला काढून टाकणार, तेही थेट कानात, असं त्यांना वाटलं.

"ताई," साहेब अगदी कानाशी बोलल्यासारखे म्हणाले. "रंगाच्या खोलीच्या चाचणीला तुम्हाला एवढा वेळ का लागतो, हे मला ठाऊक आहे. तुम्ही मागच्या दाराने बाजारात जाता. वॉकीटॉकी पिशवीत, चालूच. परवा तुम्ही भाजीवाल्याला म्हणालात, टोमॅटो आमच्या साहेबांसारखे फुगलेत, आत काही नाही. मी वर बसून ऐकत होतो. तेव्हाच बोलावणार होतो तुम्हाला, पण त्याने भाव कमी केला का ते ऐकायचं होतं. बरं, छत्रीसाठी मी खिळा ठोकून घेतो. तुम्ही उद्या वेळेवर या."

"काय ऐकू आलं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

ताईंनी हेडफोन काढले. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"नुसती खरखर," त्या म्हणाल्या.

चष्मिसचा चेहरा उतरला. ताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि एक उसासा सोडला.

"नाही, खरखर नव्हती. शब्द न् शब्द आला. बसा सगळे, सांगते."