आत्तीची पुढची सीट

पुण्याहून निघताना बाबांनी मला एकच सूचना दिली. "आक्काला पुढच्या सीटवर बसवून आण." टायरमधली हवा, पेट्रोल, घाटातलं धुकं, यांतल्या कशाचीच त्यांना काळजी नव्हती. गाडी आमची साधी पांढरी, आपल्या सोसायटीत चार तरी असतात त्यातली. तिच्या पुढच्या सीटवर त्यांनी स्वतःच्या हातानं धुतलेला टॉवेल अंथरला होता.

यामागची गोष्ट सांगायला हवी. अकरा वर्षांपूर्वी माझ्या लग्नाच्या दिवशी हॉलवर जाताना आत्ती (बाबांची आक्का; आत्याला कोल्हापूरकडं आत्ती म्हणतात) गाडीत पुढं बसणार होती. ऐन वेळी बाबांचे साहेब उगवले. बाबांनी त्यांना पुढं बसवलं आणि आपल्या थोरल्या बहिणीला पाठवलं भांड्यांच्या टेम्पोतून. ती जेवलीसुद्धा नाही, तशीच गावी गेली, ती पुन्हा पुण्याला आली नाही. आता बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ते हटून बसले होते, आक्का आल्याशिवाय फॉर्मवर सही करणार नाही. डॉक्टरांनी हात टेकले. मी आत्तीला फोन लावला.

"पुढं बसवून नेणार असशील तर येतो," ती म्हणाली. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल येतो-जातो असंच बोलतात.

कराडच्या अलीकडं चहाला थांबलो आणि मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला. आमच्या गाडीच्या खेपेत दोष निघाला होता. डाव्या बाजूची पुढची एअरबॅग कारण नसताना फुटू शकते, तरी जवळच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन ती बदलून घ्यावी. मराठीत भाषांतरही दिलं होतं: 'तोपर्यंत वाहनाच्या डाव्या अग्रभागी आसनावर मानवास बसवू नये.' मी तो मेसेज तीनदा वाचला. चहा गार झाला.

कोल्हापूरच्या अलीकडं, शिरोली एमआयडीसीपाशी हायवे सोडला आणि एका टोपीवाल्या गृहस्थांना सर्व्हिस सेंटरचा रस्ता विचारला. ते दौलूमामा. फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) साचे करण्यात त्यांची हयात गेली होती, हे पुढच्या दोन मिनिटांत कळलं.

"सांगून कळणार न्हाय पावणं. मी येतोच की," म्हणत त्यांनी पुढचं डावं दार उघडलं.

"तिथं बसू नका."

"का? आमी काय माणसं न्हाय व्हय?"

मी मेसेज वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. "फुगाच हाय न्हवं?" ते म्हणाले. मी म्हटलं, फुगा आहे, पण तो तोंडावर फुटतो. मागं बसा, अशी विनंती केली. मागं बसून रस्ता दाखवायची त्यांची तयारी नव्हती. "रस्ता दावणारा मागं बसतोय व्हय? तुमी बी उतरा. चालत जाऊ."

आणि आम्ही खरंच चालत गेलो. उन्हातून, फौंड्र्यांच्या धुरातून, वाटेत एका गाड्यावर कट वडा (झणझणीत रश्श्यात बुडवलेला बटाटेवडा) खाऊन. पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. नाका-डोळ्यांतून पाणी काढत मी सर्व्हिस सेंटरला पोहोचलो, तेव्हा काउंटरवरच्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "सर, गाडी कुठाय?"

मी परत चालत गेलो आणि गाडी घेऊन आलो. मामा तिथंच पंख्याखाली बसून राहिले.

अंगणात आमच्यासारख्याच पाच गाड्या उभ्या होत्या. एकीच्या बॉनेटवर ताजं कुंकू आणि हार. तिचे मालक नृसिंहवाडीला पूजा करूनच आले होते. "देवाला दावली, आता कंपनीला दावतो," असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी पाचही जणांना सांगितलं तेच मला सांगितलं. पार्ट आलेला नाही. कधी येईल ते सांगता येत नाही. गाडी एकदम सेफ आहे, फक्त तिथं कुणी बसायचं नाही.

"मग एअरबॅग काढून ठेवा."

"काढायला कंपनीचं पत्र लागतं, सर."

"पत्र कधी येईल?"

"पार्टबरोबर."

आत्तीला काय सांगू? अकरा वर्षांनी आलो आणि पुन्हा मागं बस म्हणालो, तर ती दार लावून घेईल. आणि पुण्यात बाबा सही न करता बसून राहतील. सगळं मी मॅडमना सांगून टाकलं, साहेबांपासून टेम्पोपर्यंत. त्यांनी सहानुभूतीनं ऐकलं आणि गाडी फुकट धुऊन देते म्हणाल्या.

मामा उठले. "फुगा काढता येत न्हाय, तर सीट काढा की. चार बोल्ट हायत. सीटच न्हाय म्हटल्यावर बसणार कोण?"

मॅडमनी कॉम्प्युटरकडं तोंड फिरवलं. "सर, हे मी बघितलेलं नाही."

पाऊण तासात सीट बाहेर आली. ती ठेवून घ्यायला सर्व्हिस सेंटर तयार होईना, त्यांच्या यादीत 'निव्वळ सीट' असा प्रकार नव्हता. शेवटी मामांनी ती आपल्या ओळखीच्या टेम्पोत टाकली. पार्ट आला की न्यायला या म्हणाले. मी निघालो तेव्हा ते टेम्पोच्या हौद्यात त्याच सीटवर, बाबांच्या टॉवेलवर, मांडी घालून बसले होते.

आत्तीच्या गावाकडं, बिद्रीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस. नेहमी मला हा रस्ता आवडतो, त्या दिवशी एकही तुरा दिसला नाही. आत्ती इरकल नेसून, पिशव्या बांधून उंबऱ्यात तयार होती. सत्तरीची बाई, पण चाल ताठ. ती सरळ पुढच्या दाराशी गेली आणि दार उघडलं. आत चार भोकं.

मी भडाभडा सगळं सांगितलं. तिनं चष्मा लावून मेसेज स्वतः वाचला.

"म्हंजे हितं कुणीच बसणार न्हाय?"

"कुणीच नाही."

"तुजी बायकू?"

"नाही."

"तुज्या बापाचा सायेब आला तर?"

"त्यालाही टेम्पोच बघावा लागेल."

आत्ती हसली. मी तिला इतक्या वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं, माझा जीव भांड्यात पडला. मग ती हळू म्हणाली, "मला पुढची सीट नको हुती रं. माज्या जाग्यावर त्यो दुसरा बसला, आन् माजा भाऊ काय बोलला न्हाय. ते लई लागलं." तिनं मागचं दार उघडलं आणि आत बसली. रिकाम्या जागेत तिनं भावासाठी गुळाचा रवा (दहा किलोची ढेप) ठेवायला लावला, तो घरंगळू नये म्हणून त्याला सीटबेल्ट गुंडाळून गाठ मारली.

परतीच्या वाटेवर ती साताऱ्यापर्यंत बोलत होती आणि मग झोपली.

पुण्यात बाबा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे होते. गाडी थांबली तशी ते छातीवर हात धरून, सावकाश, पुढच्या डाव्या दाराशी आले. ते दार स्वतः उघडायचं, हे त्यांनी किती दिवस मनात घोळवलं असेल कोण जाणे. त्यांनी दार उघडलं. आत सीटबेल्टनं बांधलेला गूळ. खाली सीटच नाही, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

त्यांची नजर मागं गेली. आत्ती मागच्या सीटवर. बाबांचा चेहरा पडला. "नंद्या, गुळाला पुढं बसवलंस? आणि आक्काला मागं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर मागून आत्तीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी गप्प झालो.

बाबांनी मागचं दार उघडलं. "आक्का, चुकलं. आत्ताचंही, आणि तेव्हाचंही. तेव्हा मी साहेबाला उतरवायला पाहिजे होतं."

"व्हय, चुकलंच," आत्ती म्हणाली. "आकरा वर्सं लागली सांगाय?"

"लागली."

"मग हात दे. उतरतो."

दोघंही रडायला लागली. मी गूळ उचलून घरात नेला. सीटचं काय झालं ते बाबांना सांगायला आत्तीनं मला मनाई केली आहे, निदान ऑपरेशनचे टाके निघेपर्यंत.